खाडीच्या वाटेने कोकण

(गणेशोत्सवात किला गेट येथे मंडळाच्या मांडवात झालेल्या भाषणाचं लेखी रूप)



कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय 'खाडीतला जलप्रवास' असा छापला आहे. तो वाचून कालपासून दोघा-तिघांनी विचारलं, की किला गेटच्या मांडवात समुद्राचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सागर म्हटलं की सागर ताल, आणि होडी म्हटली की चंबळ. पिढ्यान् पिढ्या आपण किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो, आणि मुलांना भरती-ओहोटी भूगोलाच्या पुस्तकातून शिकवतो. म्हणून प्रवासाकडे वळण्याआधी ग्वाल्हेरच्या एका जहाजाची गोष्ट सांगतो.

१८९१ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बंदरात एक पांढरं, देखणं जहाज लागलं. त्याचं नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. इंग्लंडात बॅरो इथं बांधलेलं, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं. टपाल, चहा, रेशीम आणि उतारू घेऊन ते व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग अशा येरझाऱ्या घाली. वीसेक वर्षं त्यानं हेच केलं. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि त्याच वर्षी महाराज माधवराव शिंदे यांनी हे जहाज विकत घेतलं, त्याचं नाव 'लॉयल्टी' ठेवलं आणि हिंदी सैनिकांसाठी त्याचं रुग्णालय केलं. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते घेतलं. परदेशी कंपन्यांच्या तोंडाला तोंड देईल अशी हिंदी जहाज कंपनी त्यांना काढायची होती. कंपनीचं नाव पडलं 'सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन'. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. आज देशभर ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच दिवसाची आठवण म्हणून. जहाज स्वतः फार टिकलं नाही, १९२३ साली ते मोडीत निघालं. नाव मात्र टिकलं. मुंबई ते गोवा कोकणच्या बंदराबंदरांतून आगबोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे या सिंधिया कंपनीच्याच हाती आली. म्हणजे दाभोळच्या किंवा मालवणच्या माणसानं मुंबईला जायचं तिकीट काढलं, तर पैसे जात होते ते आपल्या गावच्या राजघराण्याचं नाव लावणाऱ्या कंपनीकडे. समुद्र आपल्यापासून लांब आहे, इतकंच.

दुसरा दुवा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, आंग्र्यांचा. सरदार आंग्रे म्हटलं की आपल्याला दरबार आठवतो, राजकारण आठवतं. ते घराणं मूळ सरखेल कान्होजी आंग्र्यांचं, गलबतं आणि गुराबांचं. आणि ये-जा एकाच बाजूनं झाली असंही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कुलाब्याच्या गादीवरून भाऊबंदकी झाली, तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या पाठबळावर बाबूराव आंग्र्यांनी ती मिळवली. लष्करच्या छावणीचं शहर व्हायच्याही आधीची ही गोष्ट.

आता आम्ही कोण आणि कशाला गेलो. आम्ही आठ जण, चार घरांतले. सगळ्यांत मोठे काका अठ्ठ्याहत्तरचे, सगळ्यांत धाकटी नात सोळाची. आमच्यातल्या एका घरची मुलं कॅनडात असतात. तिकडे डोंगराच्या कुशीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांतून लहान जहाजानं हिंडायची सहल असते, त्याला ते लोक फिऑर्ड म्हणतात. शंभरेक माणसांचं जहाज, कडेनं जंगल, मधूनच एखादं कोळ्यांचं गाव. फोटो फार सुरेख होते. काका फोटो बघून म्हणाले, "हे तर आमच्या आजोबांच्या गावच्या खाडीसारखं दिसतंय, फक्त नारळ नाहीत." सहलीचा खर्च ऐकल्यावर तर कोणालाच शंका उरली नाही. ठरलं की आपणही जायचं, पण आपल्या खाड्यांत. आणि होईल तेवढं पाण्यानंच.

फिऑर्ड आणि खाडी यांत फरक आहे, तो थोडक्यात सांगतो. नॉर्वेत किंवा कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर प्रचंड हिमनद्यांनी डोंगर खरवडून खोल दऱ्या केल्या आणि त्यांत समुद्र शिरला. नॉर्वेचा सोग्नेफिऑर्ड तेराशे मीटरहून खोल आहे, आणि आत दोनशे किलोमीटर गेलेला आहे. आपल्या कोकणात बर्फ कधीच नव्हता. सह्याद्रीतून उतरणाऱ्या लहान, तापट नद्यांनी आपापली खोरी कोरली. वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर बर्फाचा काळ ऐन भरात होता, तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. मग तिकडचं बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि या खोऱ्यांची तोंडं बुडाली. त्या झाल्या खाड्या. तिकडच्या दऱ्या ज्या बर्फानं कोरल्या, त्याच बर्फाचं पाणी आपल्या नद्यांच्या तोंडात शिरलं आहे. आमच्या सोळा वर्षांच्या मुलीला हे इतकं आवडलं, की पुढे दहा दिवस ती प्रत्येक तरीवाल्याला ऐकवत होती.

पण त्यामुळे खाडी उथळ असते. गाळ येतो, वाळूचे दांडे पडतात. फिऑर्डात मोठं जहाज कधीही जातं. खाडीत भरतीला विचारूनच जावं लागतं. आणि भरती कधी, हे कोकणातला मच्छीमार घड्याळात बघत नाही, पंचांगात बघतो. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. चतुर्दशीला साडेदहा. मुंबईत अनंत चतुर्दशीला विसर्जनाची भरती साडेदहा-अकराच्या सुमारास का असते, ते यावरून कळेल. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि मधे ओहोटी. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार बेताचा. ग्वाल्हेरात आपण तिथी कशासाठी बघतो? उपास, श्राद्ध, मुहूर्त. तिथं तांडेल त्याच तिथीवर होडी सोडतो. आमच्यातल्या दोन मावश्यांना हा हिशेब पहिल्या फटक्यात जमला. आम्हा पुरुषांना कागद लागला.

पंजाब मेलनं मुंबईला उतरलो आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला निघालो. २०२० पासून इथून मोटारीसकट माणसं नेणारी मोठी बोट चालते, तासाभरात पलीकडे. या पाण्यात आमच्यातल्या जुन्या माणसांना आठवली ती 'रामदास'. १७ जुलै १९४७ रोजी ही आगबोट याच धक्क्यावरून रेवसला जायला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोकणात त्या पिढीतल्या कित्येक घरांत आगबोटीचं नाव काढलं की आधी 'रामदास'च निघे.

अलिबागला कान्होजींच्या समाधीवर डोकं टेकवलं. जंजिऱ्याबद्दल इथं बोलत नाही, त्यावर मंडळात दोनदा व्याख्यानं झाली आहेत. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीनं राजपुरीची खाडी ओलांडली, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून वेसवीला सावित्रीची बाणकोट खाडी. पलीकडे वेळास. नाना फडणविसांचं मूळ गाव. आता ते ओळखलं जातं कासवांसाठी. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात, २००२ पासून गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था ती राखतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. महादजींच्या आणि नानांच्या पत्रांवर वाढलेले आपण. नानांच्या गावात आम्हाला कोणी पत्रांबद्दल विचारलं नाही, सगळे कासवांबद्दल सांगत होते. आम्हाला ते बरं वाटलं.

हर्णैला संध्याकाळचा माशांचा लिलाव पाहिला. समोर सुवर्णदुर्ग, मधे नांगरलेल्या शेकडो होड्या, आणि उथळ पाण्यातून मासळीच्या टोपल्या किनाऱ्याला आणणाऱ्या बैलगाड्या. गुडघाभर लाटांत बैल शांतपणे उभे. आमच्यातले निम्मे लोक शुद्ध शाकाहारी. त्यांनी नाकाला पदर आणि रुमाल लावले, पण जागचं कोणी हललं नाही. बोलीचा आवाज, बर्फाचा चुरा, बायकांचा व्यवहारातला ठामपणा, सगळं बघत दीड तास गेला. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे आम्हाला माहीत होतं. एका नाखव्यानं त्यात भर घातली, की त्या दोन महिन्यांत होडी आराम करते आणि व्याज करत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, वाशिष्ठीकडे.

चिपळूणजवळ गोवळकोट आहे. वर किल्ला, पायथ्याशी करंजेश्वरीचं देऊळ आणि खाली जुना धक्का. एके काळी हे चिपळूणचं बंदर होतं. मुंबईची आगबोट दाभोळला खाडीच्या तोंडाशी लागे, तिथून लहान लाँचनं उतारू आणि माल वर गोवळकोटपर्यंत येई. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा पाण्याचा रस्ता. आज तिथं कुठलीही नियमित बोट नाही. मगरी दाखवणाऱ्या होड्या मिळतात, पण त्या थोडं अंतर जाऊन परत फिरतात. आम्हाला पूर्ण दाभोळपर्यंत जायचं होतं. दोघांनी नाही म्हटलं, तिसरा तयार झाला. पन्नाशीचा भोई समाजाचा गृहस्थ. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो दिवस कोणता नव्हे, तिथी कोणती. आम्ही मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी म्हटलं. त्यानं बोटांवर मोजलं. "तोंडाला साडेदहा, इथं यायला आणखी दीड तास. बाराला सुटू, पाणी आपल्याला ओढून नेईल."

बाराला सुटलो. पहिला तास इंजिनाचा आवाज कमी आणि पाण्याचा जास्त. दोन्ही काठांना कांदळवन. चिपी, तिवर, कांदळ, मुळं काठीसारखी पाण्याबाहेर आलेली. पाणी उतरू लागलं तसा काळा चिखल दिसू लागला आणि त्यावर निवट्या उड्या मारू लागल्या. मासाच तो, पण चिखलावर चालतो. वर एक पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, तिकडे त्याला काकण म्हणतात. मग मगरी. होडीवाल्यानं आवाज दबका केला, बोट दाखवलं, आणि आम्ही घाबरण्याची वाट बघितली. आम्ही चंबळवाले. आमच्या मुलीनं बघितलं आणि सांगितलं, "ही मगर आहे, घडियाल नाही. आमच्याकडे दोन्ही असतात." तो बिचारा थोडा खट्टू झाला. पण एक गोष्ट आम्हाला नवी होती. चंबळमधली मगर वाळूवर उन्हात पसरते, इथली चिखलात, कांदळाच्या सावलीत, आणि निम्म्या खारट पाण्यात.

पाणी निम्मंच खारट का, याचंही कारण आहे. कोयना धरणाचं पाणी वीज करून झाल्यावर सह्याद्रीच्या या बाजूला वाशिष्ठीत सोडतात. वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट. म्हणजे सातारा जिल्ह्यात पडलेला, कृष्णेला मिळून पूर्वेला जायचा तो पाऊस बोगद्यांतून पश्चिमेला येतो आणि दाभोळच्या खाडीत उतरतो. शिंदे घराणं त्याच सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. तेवढ्यावरून काका त्या पाण्याला पाहुणा म्हणू लागले.

मालदोलीच्या पुढे खाडी रुंदावते. उजव्या हाताला जगबुडी येऊन मिळते. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही नदी सांगायला नको. आमच्यातल्या एका काकूंनी दोन्ही खंड तीनदा वाचले आहेत, त्या संगमापाशी एकदम गप्प झाल्या आणि नंतर बराच वेळ कोणाशी बोलल्या नाहीत.

इथं आम्हाला ती गोष्ट दिसली, जिच्यासाठी हे भाषण आहे. खाडीकाठची गावं खाडीकडे तोंड करून बसलेली आहेत. देवळाची दीपमाळ पाण्याकडे. जांभ्या दगडाची पाखाडी घराच्या अंगणातून थेट धक्क्यापर्यंत उतरलेली. वखारींचे मोठे दरवाजे पाण्याच्या बाजूला. मशिदीचा घाटही तिकडेच. आम्ही याआधी कोकणात मोटारीनं तीनदा गेलो होतो आणि दरवेळी वाटलं होतं, की गावं विस्कळीत आहेत, घरं कशीही बांधली आहेत. रस्ता डोंगरावरून, गावाच्या पाठीमागून येतो. आपण मागच्या दारानं शिरतो आणि ओट्याऐवजी न्हाणीघर बघतो. पाण्यावरून पाहिलं की सगळं जागच्या जागी बसतं.

काकांच्या आजोबांचं गाव याच खाडीवर. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून भाऊबंद आहेत. काका दोनदा तिथं गेले होते, रस्त्यानं. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या एक म्हणणं चालत आलेलं, की "आपण दारातून होडीत बसलो आणि निघालो." सगळे ते अलंकारिक समजत. त्या दिवशी ओहोटीत होडी धक्क्याच्या सहा हात अलीकडेच थांबली. समोर बारा-चौदा पायऱ्या, वर पडका चौथरा, चौथऱ्याला दरवाजाची दगडी चौकट. चौकटीतून पायऱ्या, पायऱ्यांवरून पाणी. अलंकारिक काही नव्हतंच. काकांनी उतरायचं म्हटलं, होडीवाल्यानं ठाम नकार दिला. चिखल कमरेपर्यंत, आणि मगरी आहेतच. दहा मिनिटं आम्ही तिथंच पाण्यावर थांबलो. मग पाणी उतरत चाललं म्हणून त्यानं होडी काढली. तो आधी निघाला नसता तर पुढच्या दांड्यावर आम्ही मध्यरात्रीच्या भरतीपर्यंत अडकलो असतो.

वाटेत काठावर बायका कालवं आणि तिसऱ्या काढत होत्या. आम्ही विचारलं, मिळतं का पूर्वीसारखं? एकीनं नुसता हात हलवला. होडीवाल्याकडून पुढचं कळलं. त्याच्या वडिलांना जिताडा, काळुंदर, बोई खाडीतच मिळत. आता तो हंगामात मजुरीला जातो आणि उरलेल्या वेळी आमच्यासारख्यांना मगरी दाखवतो. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यानं मासे मरतात, ही खाडीकाठच्या मच्छीमारांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. मोर्चे निघाले, अर्ज झाले. त्याच्या बोलण्यात राग कमी आणि कंटाळा जास्त होता. रानातली सहल म्हणून आम्ही त्या पाण्याकडे बघत होतो, आणि त्याच्यासाठी ते बंद पडलेलं शेत होतं. फोटो काढणं आमचं तिथून पुढे जरा कमीच झालं.

पाचच्या सुमारास दाभोळ आलं. एका बाजूला जुन्या मशिदीचा घुमट, दुसऱ्या काठाला अंजनवेलच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७२ साली हिंदुस्थानातून परत निघाला तो याच दाभोळहून. तेव्हा हे पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं. आम्हाला त्या संध्याकाळी तिथं दिसली ती धोपाव्याला जाणारी फेरीबोट, दोन एसटीतून उतरलेली माणसं, दुधाच्या किटल्या आणि एक वरात.

पुढचा प्रवास पटकन सांगतो. धोपाव्याहून गुहागर, तिथं व्याडेश्वर. आमच्यातल्या दोन घरांचं ते कुलदैवत, अभिषेक झाला. हेदवीचा दशभुज गणेश. तवसाळहून जयगडला शास्त्रीची खाडी, फेरीबोटीनं. मग गणपतीपुळे, रत्नागिरी आणि शेवटी विजयदुर्ग. विजयदुर्गाच्या मागे वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची गोदी आहे, खडकात खोदलेली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीत पाणी गेलं की दुरुस्त करायचं. पुन्हा तोच तिथीचा हिशेब. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर आले आणि आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं. मराठ्यांच्याच मदतीनं मराठ्यांचं आरमार बुडालं, यावर काकांनी आम्हाला रात्री अकरापर्यंत झोपू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, पानिपतच्या तिथीला आपण इतकी वर्षं डोळे पुसतो आणि या तारखेची कोणाला आठवणही नाही. आम्हाला ते पटतं.

आता थोडं आगबोटींबद्दल, कारण हा प्रवास आम्हाला तुकड्यातुकड्यांनी का करावा लागला, ते त्यात आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो सलग झाला असता. मुंबईहून आगबोटीत बसायचं, डेकवर सतरंजी टाकायची, आणि एकेक बंदर घेत दुसऱ्या दिवशी गोवा. बऱ्याच बंदरांना धक्काच नव्हता. आगबोट दूर उभी राही आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, लहान मुलं, सगळं खालच्या होडीत उतरवावं लागे. पावसाळ्यात तीनेक महिने सगळं बंद. शेवटच्या काळात 'कोकण शक्ति' आणि 'कोकण सेवक' या बोटी होत्या, ऐंशीच्या दशकाबरोबर त्याही थांबल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मग कोणी बोटीचं नावच काढेना.

नॉर्वेनं वेगळं केलं. १८९३ साली त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्यानं टपालबोट सुरू केली, हर्टिग्रुटेन. रस्ते झाले, विमानतळ झाले, तरी ती चालू ठेवली. आजही बर्गेनहून निघून ती चौतीस बंदरं घेते आणि बारा दिवसांत परत येते. तिच्यावर जगभरचे हौशी प्रवासी असतात आणि त्यांच्याच शेजारी पुढच्या गावी निघालेला तिथला माणूसही. आपल्याकडे दोन्ही एका बोटीत बसले असते. आपण ती बोटच ठेवली नाही. आम्हाला हे लागलं.

आणि आता फेरीबोटीही किती वर्षं राहतील? रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग होतो आहे, एकेका खाडीवर पूल येणार आहे. पूल नको असं म्हणायला आमची जीभ धजणार नाही. रात्री शेवटची फेरी सुटून गेल्यावर अडलेल्या बाळंतिणीला शहरातल्या दवाखान्यात न्यायचं तर खाडीला वळसा घालून किती तास जातात, हे आम्हाला धोपाव्याच्या धक्क्यावर दोन बायकांनी सांगितलं. त्यांना पूल हवाच आहे, आणि मिळायलाही हवा. आमचं म्हणणं इतकंच, की पूल झाला तरी धक्के मोडू नयेत, गाळ काढावा, आणि वर्षातून चार महिने का होईना, गोवळकोट ते दाभोळ, जयगड ते संगमेश्वरची वाट, विजयदुर्ग ते खारेपाटण अशा लहान बोटी चालवाव्यात. त्या गोवळकोटच्या होडीवाल्यासारखी पाणी ओळखणारी माणसं अजून आहेत. त्याचा मुलगा पुण्याला एका गोदामात कामाला आहे. पाण्याची तिथी त्याला येत नाही.

शेवटी कामाचं. ज्यांना जायचं असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ हा काळ धरावा. पावसाळ्यात खाडी लाल असते आणि होड्या ओढून ठेवलेल्या असतात, वैशाखात ऊन सोसत नाही. वाशिष्ठीसाठी तिथी चतुर्दशी ते द्वितीया, म्हणजे दुपारच्या ओहोटीबरोबर खाली उतरता येतं. अष्टमीला जाऊ नये, भर दुपारी ओहोटी असते आणि चिखलात बसावं लागतं. जीवरक्षक जाकिटं आपली न्यावीत, प्रत्येक होडीवर पुरेशी नसतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड एवढं फेरीबोटीनं केलं तरी पुष्कळ दिसतं. आम्हा आठ जणांचा गोवळकोट ते दाभोळ होडीचा खर्च एका दिवसाच्या मोटारीच्या भाड्याहून थोडा जास्त आला. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास पुन्हा एक गट निघणार आहे, बारा जणांपुरता. नावं आरतीनंतर कार्यालयात कोषाध्यक्षांकडे द्यावीत. सात आधीच आली आहेत, आणि त्यांतलं पहिलं काकांचं आहे. या वेळी ते भरतीच्या वेळी जाणार आहेत, होडी पायरीला लागेल अशा बेतानं.